लेकीपुरत्या पऱ्हाट्या

लेकीच्या सासरहून, राळेगावहून घाटंजी, घाटंजीहून फाटा एसटीनं, आणि फाट्यापासून गावापर्यंत गोविंदा सायकल हातात धरून लेकीच्या चालीनं चालत आला. पिशवी हँडलला, लेक बाजूनं. नववा महिना भरत आलेली दीपमाला दर बाभळीखाली थांबायची, आणि गोविंदा मुद्दाम सायकलच्या चाकात काहीतरी अडकल्यासारखं वाकून बघायचा, म्हणजे तिला थांबल्याची लाज वाटू नये.

दाराशी कौसल्या पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. लेकीनं पाय धुतले, घोटभर पाणी प्याली आणि आत जायच्या आधी अंगणाच्या कोपऱ्याकडं बघत राहिली.

"माय, गंजी कुठी हाय व?"

"कोनती गंजी?" कौसल्या म्हणाली, जसं काही अंगणात दहा गंज्या लावून ठेवल्या होत्या.

"पऱ्हाट्याची. इथं तं नुसती जागाच हाय."

खरंच नुसती जागा होती. दरवर्षी होळीच्या आत त्या कोपऱ्यात वळचणीच्याही वर जाईल इतकी पऱ्हाट्यांची गंजी लागलेली असायची, आणि तिच्या बुडाशी कोंबडी अंडी घालायची. औंदा कोंबडी त्या उघड्या जागेवर हरवल्यासारखी फिरत होती.

"आनू ना," कौसल्या म्हणाली. "तू आधी टेक."

गोविंदानं पिशवी आत ठेवली आणि मायलेकींकडं न बघता तो सायकल पुसायला लागला.

कापसाची शेवटची वेचणी संपली की वऱ्हाडात उलंगवाडी होते. म्हणजे वावर मोकळं झालं. मालकानं कापूस वेचून नेला. आता झाडाला राहिलेलं कवडीबोंड ज्याला सापडेल त्याचं, पाला ज्याचं ढोर आधी पोचेल त्याचं, आणि वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं झाड, जी बाई उपटेल तिची. मालकाला वावर साफ करून मिळतं, बाईला पावसाळा निघेपर्यंतचं जळण. त्यात कुणी कुणाला देत नाही आणि कुणी कुणाकडून मागत नाही. वारा सुटावा तशी उलंगवाडी होते, एवढंच. कोतवाल पुकारतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला चिंध्या गुंडाळून, लोखंडी चिमटे खांद्यावर टाकून बाया वावरात शिरतात.

कौसल्येच्या घराला वावर नव्हतं. तिच्या सासऱ्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं आणि पोरांना एकच गोष्ट शिकवली, की कुणापुढं हात पसरायचा नाही. कौसल्या सून म्हणून आली ती हेच शिकत आली. पण पऱ्हाटीसाठी हात पसरावा लागतच नव्हता. पऱ्हाटी उपटावी लागायची. तिच्या तळव्यांना त्याचे घट्टे होते.

आणि औंदा उलंगवाडी झालीच नव्हती.

झालं असं होतं. त्या वर्षांत गावात वीज कमी आणि भारनियमन जास्त. दिवसाची गेलेली लाइन रात्री पोरं झोपल्यावर यायची. कापसाला भाव नव्हता. जो थोडा पिकला त्याच्यावर लाल्या रोग पडून पानं तांबडी झाली. अशात एक दिवस दोन देशांच्या सरकारांनी मिळून काढलेली एक योजना गावात आली. एक देश आपला, दुसरा फिनलंड. पऱ्हाट्यांचे तुकडे एका बंद भट्टीत कोंडून जाळायचे, त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजन चालवायचं आणि इंजनावर गावापुरती वीज करायची. डिझेल नको, दगडी कोळसा नको, हवेत काळं कमी. वणीकडं राजूरच्या खाणीत भाऊ असलेली धुरपताबाई तर म्हणाली, "बाई, कोयशाबिगर लाइट होत असन तं माह्या भावाचा खोकला तरी थांबन."

पोळ्याच्या सुमाराला त्या योजनेची माणसं घरोघर फिरली. दोघंच होती. एक यवतमाळचा कपिल, नव्या नोकरीतला इंजिनिअर, शर्टाच्या खिशात पेन, बोलायला गोड. दुसरी फिनलंडची बाई, हेलवी. साठीची असेल. पांढऱ्या केसांची बारीक वेणी, लांब लांब पाय, आणि कुणाच्याही घरात शिरताना न सांगता चपला काढायची सवय. कौसल्येला ती त्या सवयीमुळंच आवडली होती.

कपिलनं विचारलं होतं, "मावशी, तुमच्याकडं पऱ्हाटी किती निघते?"

कौसल्येनं जरा हसूनच सांगितलं, "आमची कुठची बाप्पा. आमाले वावर कुठी हाय?"

"म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही."

ते उत्तर देताना तिला आपण किती सरळ बोललो असंच वाटलं होतं. दुसऱ्याच्या वावरात उभं असलेलं झाड आपलं म्हणायचं? सासऱ्याच्या फोटोखाली उभं राहून? बौद्धवाड्यातल्या साऱ्या बायांनी हेच सांगितलं. आणि शेतकऱ्यांनी आपापल्या वावराची सारी पऱ्हाटी आपली म्हणून सांगितली, कारण तीही उभी होती तोवर त्यांचीच होती. कुणीच खोटं बोललं नाही. भट्टी मात्र साऱ्या गावच्या पऱ्हाटीच्या हिशोबानं मोठी बांधली गेली.

गावसमितीचे अध्यक्ष सदाशिवराव पाटील. माणूस तसा वाईट नव्हता. दोन वर्षांत कापसानं त्यांना वाकवलं होतं. ते पारावर बसून म्हणायचे, "कापसाले भाव नाही अन् पऱ्हाटीले आला. असा जमाना पाह्यला होता काय गा?" आणि लोक हसायचे, कारण दुसरं काही हसण्यासारखं नव्हतं.

शेवटची वेचणी झाली तरी पुकारा झाला नाही. बायांना सांगण्यात आलं की औंदा उपटायची रोजमजुरी मिळेल, पऱ्हाटी सोमवारपासून बैलबंड्यांत भरून थेट भट्टीवर जाईल. मजुरी वाईट नव्हती. पण मजुरी चुलीत घालता येत नाही. आणि विकत घ्यावं म्हटलं तरी गावात विकायला जळण होतं कुणाकडं?

वर आणखी एक गोष्ट. भट्टीत पऱ्हाटी टाकायचं काम मिळालं होतं गोविंदाला.

दीपमालेला हे सगळं एका दमात कुणी सांगितलं नाही. तिला दोन दिवसांत कळलं, तुकड्यातुकड्यानं, माय नाल्याकाठच्या बाभळीखालून काटक्या वेचून आणताना, शेणाच्या गोवऱ्या मोजल्यासारखं करून परत ठेवताना.

बाकी सगळं तयार होतं. बाजेला नवी सुंभाची दोरी विणलेली होती. बाळंतशेपा, ओवा, डिंक, खारकांची पुडी, जुन्या लुगड्यांची मऊ बाळोती, सगळं एका पत्र्याच्या पेटीत. आग तेवढी नव्हती.

आणि कौसल्येला हवी होती ती आगच. तिची स्वतःची माय ती लहान असतानाच गेली. पहिल्या बाळंतपणाला जायला माहेर नव्हतं. दीपमाला झाली ती श्रावणात, सासरी, जळण सारं भिजलेलं. धूर एवढा की बाळ खोकायचं, आणि आंघोळीला पाणी यायचं ते हाताला ऊन लागेल न लागेल असं. तेव्हा कंबरेत जे गार शिरलं ते कधी निघालंच नाही. त्याच दिवशी तिनं मनात धरलं होतं, की या पोरीला सव्वा महिना चटका बसेल असं पाणी घालीन, बाजेखाली निखाऱ्यांचा शेक देईन, तिच्या हाडात गार म्हणून शिरू देणार नाही. जगात एवढी एकच गोष्ट तिला करून दाखवायची होती.

तिसऱ्या दिवशी दीपमालेनं काटक्यांचा धूर डोळ्यांत गेल्यावर म्हटलं, "माय, मी वापस जातो सासरी. तिकडे सासूकडं गोवऱ्या हायेत."

"पयलं बायतपन सासरी?"

"मंग काय झालं?"

कौसल्येनं फुंकणी खाली ठेवली. पेटीतली बाळोती काढून ती पुन्हा घड्या घालायला लागली. लेकीनं ते बघितलं आणि परत तो विषय काढला नाही. काढला नाही म्हणजे तो संपला नव्हता; शनिवारी सासरचा माणूस बाजाराला येणार होता, त्याच्यासोबत जायचं असं तिनं मनात ठरवून टाकलं होतं, आणि मायलाही ते कळलं होतं.

विहिरीवर विजयमाला भेटली. सदाशिवरावांची बायको. दोघी एकाच साली या गावात नवऱ्या म्हणून आल्या, एकीची वरात वाजत, दुसरीची बंडीतून. कौसल्येनं विजयमालेच्या वावरात किती हंगाम कापूस वेचला ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

"कौसल्या, लेक आली म्हने तुही."

"आली वयनी."

"पानी कायच्यावर तापवतं?"

"तापवतो कायच्यावरी."

विजयमालेनं दोर ओढता ओढता तिच्याकडं बघितलं. "घरी ये ना. आमच्या यायले म्हन. बंडीभर पऱ्हाट्यानं भट्टी काही उपाशी नाही मरत."

"वयनी," कौसल्या म्हणाली, "आमी पऱ्हाटी कधी मांगली नाही. आता मांगली तं ते भीक होईन."

"बाप्पा! मोठी आली. अन् लेक कुडकुडली तं?"

"फागुनात कायची कुडकुडते?"

"मले नोको सांगू. मी काय पोरं नाही जनली?"

कौसल्येनं घागर उचलली. विजयमाला रागानं बघत राहिली, आणि तो राग कौसल्येवर नव्हता.

शुक्रवारी दुपारी कपिल आणि हेलवी बौद्धवाड्यात विजेचे खांब कुठं रोवायचे ते बघत फिरत होते. कौसल्येच्या दारात धूर बघून हेलवी थांबली. चपला काढल्या आणि वाकून आत आली. बाजेवर दीपमाला टेकलेली. हेलवीनं आपल्या पोटावरून हात गोल फिरवून डोळ्यांनीच विचारलं, केव्हा?

"आता आजउद्या," दीपमाला लाजून म्हणाली.

हेलवी सरळ चुलीजवळ मांडी घालून बसायला गेली. तिचे पाय काही नीट मांडी होईनात. शेवटी एक पाय लांब पसरून बसली. कौसल्येला हसू आलं. तिनं कोरा चहा ठेवला. धुरानं चौघांचेही डोळे पाणावले.

हेलवी कपिलमार्फत बोलायला लागली. तिच्या देशात हिवाळा एवढा की नदीवरून बैलगाडी जाईल इतका बर्फ. तिच्या आजीच्या वेळी घराजवळ एक लहानशी लाकडी खोली असायची, फक्त तापवण्यासाठी. आत दगड तापवायचे, त्यावर पाणी शिंपडायचं, खोलीभर वाफ. लोक त्यात अंग शेकायचे, आंघोळ करायचे. आणि बाया बाळंत व्हायच्या त्याच खोलीत, कारण गावात त्याहून ऊबदार आणि स्वच्छ जागा दुसरी नसायची. हेलवीची आई तशीच झाली होती.

"म्हंजे शेकतात?" कौसल्येनं विचारलं. "बायतिनीले? तिकडेही?"

"शेकायचे, मावशी."

कौसल्येनं चुलीत काटकी सारली. मग आपल्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "त्याईले सांगा, इथं गार बसलं का मरेतवर बसते."

कपिलनं सांगितलं. हेलवीनं आपल्याच कंबरेवर हात ठेवून मान हलवली. मग तिनं चुलीकडं बोट करून विचारलं, की तुम्ही नेहमी हेच जाळता का?

कौसल्या फुंकणी शोधायला लागली. उत्तर दीपमालेनं दिलं. एकाच वाक्यात दिलं, जसं पोटातलं बाळ लाथ मारतं.

"आमी चुलीत जायतो त्या पऱ्हाट्या औंदा तुमी नेता."

कपिलचा चहा हातातच राहिला. "पण मावशी, मी स्वतः विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आमच्याकडं काहीच नाही!"

"तुमी आमची किती म्हनलं. आमची नव्हतीच."

"मग?"

मग कौसल्येनं त्याला उलंगवाडी सांगितली. यवतमाळच्या पोराला उलंगवाडी सांगावी लागते याचं तिला नवल वाटलं, आणि तो पोरगा शरमला, कारण त्याच्या मामाकडं वावर होतं आणि शब्द त्यानं ऐकलेला होता. एवढंच की त्याला तो शब्द हंगाम संपल्याचा वाटला होता, जळणाचा नव्हे. त्यानं ते हेलवीला समजावलं. समजावता समजावता तो दोनदा अडला.

हेलवीनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, की तिच्या गावाकडं जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातली रानफळं ज्याला हवी त्यानं तोडावी. मालक माझी म्हणत नाही, तोडणारा दिली म्हणत नाही. तिची आजी दर उन्हाळ्यात टोपल्या भरभरून आणायची. "आणि माझ्या आजीला कुणी परक्यानं विचारलं असतं, की तुमच्याकडं रानफळं किती, तर ती म्हणाली असती, आमचं जंगल कुठं आहे?"

कौसल्येनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"तं सांगा ना तुमी," दीपमाला म्हणाली. "तुमचं आयकतीन."

हेलवीनं मान हलवली, हो-नाहीच्या मधली. ती सांगेल, जरूर सांगेल. पण ते परदेशातल्या बाईचं बोलणं होईल, आणि ती गेली की तिच्याबरोबर जाईल. रविवारी शाळेच्या ओट्यावर सभा आहे. तिथं गावातल्या कुणी बोललं तर ते गावात राहील. ती शेजारी उभी राहील.

हे बरोबर होतं. म्हणूनच कौसल्येला राग आला. "सोपं हाय सांगनं," ती भांडी घासताना पुटपुटली, पाहुणे गेल्यावर कितीतरी वेळ.

दिवस मावळायला गोविंदा आला. कौसल्येनं त्याला भाकर वाढली आणि समोर बसली.

"अवो, मी सभेत बोलली तं तुमचं काम जाईन काय?"

गोविंदानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तसाच धरून ठेवला. "जाईन असं नाही. पऱ्हाटी कमी तं काम कमी. अर्धं होईन."

"मंग?"

"मंग काय! रोज तिथं उभा राह्यतो अन् मनात म्हनतो, आता या मशीनचा घास सुरू होईन, अन् मी माह्याच हातानं माही चूल इच्यात टाकीन." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "तू बोल, कौसे. अर्धं तं अर्धं. लेकीले शनिवारी जाऊ नोको देऊ पन."

शनिवारी सासरचा माणूस आला. कौसल्येनं त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, सोमवारनंतर या. दीपमालेनं मायकडं बघितलं आणि पिशवी परत खुंटीला अडकवली.

रविवारी शाळेच्या ओट्यावर पुरुष वर, बाया खाली कडुलिंबाच्या सावलीत. सदाशिवराव बोलले, कपिल बोलला. दोन्ही देशांचे साहेब उद्घाटनाला येणार, पऱ्हाटी सोमवारपासून भरायची. "कोनाले काही इचारायचं हाय?" सदाशिवरावांनी विचारलं.

कौसल्या उभी राहिली. पदर घट्ट धरला होता तिनं.

"मले इचारायचं नाही. सांगायचं हाय."

"आता कौसल्याबाई पुकारते उलंगवाडी!" मागून वावरवाला भावसिंग ओरडला, आणि लोक हसले.

"हो, तेच," ती म्हणाली. हसू जरा थांबलं. "पोयाच्या टायमाले मले इचारलं का तुह्याकडं पऱ्हाटी किती. मी म्हनलं नाही. ते खोटं नव्हतं. पन खरंही नव्हतं. मी चुकली. वावर भाऊचं हाय. पऱ्हाटी उभी हाय तवरक भाऊची. उलंगवाडी झाली का ते कोनाचीच नाही, अन् कोनाचीच नाही म्हनून तं इतके साल आमी चूल पेटवली. लेक आली माही बायतपनाले. मी काही मांगून नाही राह्यली. मी माह्यं उत्तर बदलवून राह्यली."

एवढं बोलून ती उभीच राहिली. धुरपताबाईनं उठून तिच्या बाजूला उभं राहून म्हटलं, "माह्यंही उत्तर बदला." मग आणखी दोघी उठल्या. हेलवी ओट्यावरून उतरून खाली बायांत येऊन उभी राहिली.

सदाशिवरावांनी टोपी सरळ केली. "म्हंजे भट्टी बंद ठेवायची? त्या साहेबाईले काय दाखवू, रिकामी भट्टी?"

"बंद नोको ठेवा, भाऊ. आधी पुकारा. उपटनारीनं आपला वाटा नेला का उरलं ते भट्टीचं."

"उरन काय, पाला?" भावसिंग.

कपिल आणि हेलवी खालच्या आवाजात बोलले. कपिलनं स्पष्ट सांगितलं, लपवलं नाही. भट्टी चालेल, पण दिवे ठरल्यापेक्षा तासभर आधी बंद करावे लागतील. आपणच मोजताना चुकलो, ते आपण वर कळवू, असंही तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचे कान लाल झाले.

बायांतूनच एक आवाज आला, "म्हंजे इच्या लेकीच्या आंघोयीपायी माह्या पोराचा अभ्यास बुडन काय?"

कौसल्येच्या वाड्यातली पोरंही त्याच दिव्याची वाट बघत होती. कंदिलाखाली वाचून त्यांची बुबुळं दुखायची हे तिला ठाऊक होतं.

"अभ्यास घंटाभर आधी बसवता येते," विजयमाला म्हणाली. ती सभेत कधी बोलत नसे. नवऱ्यानंही चमकून बघितलं. "बायतीन काही घंटाभर आधी नाही होत."

यावर बाया हसल्या, आणि मग पुरुषही. विजयमाला नाही हसली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "अन् आपल्या वावरातून बाई मोयीबिगर रिकामी घरी गेली, हे तुमच्या मायनं पाह्यलं असतं तं?"

सदाशिवरावांची माय उलंगवाडीच्या दिवशी स्वतः वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून उपटणाऱ्या बायांना ताकाचा गडवा पाठवायची, हे साऱ्या गावाला आठवत होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला.

"कापूस तं गेलाच औंदा," ते म्हणाले. "आता रीतही कायले घालवता! पुकारा, बाप्पा. पुढच्या सोमवारपर्यंत वावर मोकळं. बंड्या त्याच्यानंतर."

सोमवारी सकाळी बाया वावरात शिरल्या. हेलवीही आली, हाताला चिंध्या बांधून. तिनं चिमट्यात पऱ्हाटी धरली, जोर लावला आणि बुडासकट पऱ्हाटी निघाली ती तिला घेऊनच. धपकन मातीत बसली. बाया पोट धरून हसल्या, तीही हसली. धुरपताबाईनं तिला कमरेत वाकायचं कसं ते दाखवलं. आणि कुणीतरी सूर धरला, तसा तो ओळीओळीनं साऱ्या वावरात पसरला:

उपटली पऱ्हाटी, माती लागली हाताले
मायेचं ऊन पानी, लेकीच्या लेकराले

उपटली पऱ्हाटी, मोयी बांधली दोरीनं
हाडात साठवली ऊब, माहेराच्या पोरीनं

कपिल धुऱ्यावर उभा राहून ऐकत होता. हेलवीनं त्याला विचारलं, काय म्हणतात? तो थोडा वेळ शब्द शोधत राहिला आणि म्हणाला, पाणी गरम आहे म्हणतात.

दुपारी निरोप आला, दीपमालेला कळा लागल्या. कौसल्या डोक्यावरची मोळी घेऊनच घरी धावली. दीपमालेला घाटंजीच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दोघींना घरी आणलं तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात बायांनी गंजी रचून ठेवली होती. तिच्यात विजयमालेच्या वावरातलीही पऱ्हाटी होती, तिच्या स्वतःच्या हातांनी उपटलेली. तळहाताला फोड आलेले दाखवत ती म्हणाली, "घे. दिली नाही, उपटली."

उद्घाटन झालं. साहेब आले, गेले. संध्याकाळी इंजन धडधडलं आणि बौद्धवाड्यात पहिला दिवा लागला, आणि पोरं त्याच्याखाली पुस्तकं घेऊन आधी एकमेकांचीच तोंडं बघत बसली. गोविंदाचं काम अर्ध्या दिवसाचं झालं. उरलेला अर्धा दिवस तो नातीजवळ बसून तिच्या मुठी उघडायचा प्रयत्न करायचा.

हेलवीला परत जायचं होतं. जायच्या सकाळी ती एकटीच आली, कपिलशिवाय. चपला काढल्या. आत चुलीवर हंडा उकळत होता, पऱ्हाट्यांच्या बुडख्यांचे निखारे लालभडक, धूर नाहीच. दीपमाला न्हाऊन बाजेवर शेक घेत पडली होती, चेहरा टवटवीत. कौसल्या पाय पसरून बसली होती, पायांवर उघडं बाळ, तेल लावून चकचकीत. ते रडायला लागलं होतं, आणि हंड्यातलं पाणी बादलीत काढलं होतं.

हेलवी तिच्या बाजूला बसली. पाय आपोआप लांब पसरले, कौसल्येसारखेच. तिनं अंगरख्याची बाही वर सारली, कोपर बादलीत बुडवलं, आणि भुवया उंचावून कौसल्येकडं बघितलं.

"लय ऊन काय?" कौसल्येनं विचारलं.

हेलवीनं हो म्हणून मान हलवली. कौसल्येनं गार पाण्याचा तांब्या उचलला, थोडं ओतलं, आपलं कोपर घातलं, पुन्हा थोडं ओतलं. दोघींनी एकदम कोपर बुडवलं. या वेळी दोघींनीही मान डोलावली. कौसल्येनं ओंजळ भरली आणि हळूच बाळाच्या पाठीवर सोडली. रडणं थांबलं.